गप्प राहणाऱ्यांची रांग

अकोल्याच्या जठारपेठेत, मोटार वाइंडिंगच्या दुकानावरच्या माडीत बसून मिस्बाह प्रागच्या, टोकियोच्या आणि साओ पावलोच्या इंजिनिअरांच्या चुका काढत असे. खाली तिचे अब्बा रहमतुल्ला जळलेल्या पंपांना नवी तार भरत, वर ही. फरक एवढाच की अब्बांचं गिऱ्हाईक समोर उभं असे आणि हिचं सातासमुद्रापार. कोणी विचारलं की या कामाचा पगार किती, तर ती सरळ सांगे, "काहीच नाही." मग विचारणारा तिच्याकडे जरा काळजीने पाहू लागे.

तिच्या अम्मीची, नसीमबानोची, यात फार ओढाताण व्हायची. एकदा अचलपूरहून स्थळ आलं. मुलगी काय करते, असं पाहुण्यांनी विचारलं. "टेलिफोन की लाइनें संभालती है," नसीमबानो म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. पाहुण्यांना ती टेलिफोन खात्यातली सरकारी नोकरी वाटली आणि त्यांची कळी अशी खुलली की दोनदा शीरखुर्मा मागून घेतला. खरं काय ते कळल्यावर पाहुणे जे गेले ते गेलेच. मिस्बाहला त्याचं दुःख झालं नाही. सकाळी ती तंत्रनिकेतनात शिकवायची, त्यावर तिचं भागत होतं. दुपारनंतरचा वेळ तिचा होता आणि तो कुठे घालवायचा हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

ते काम काय होतं ते सांगायला हवं. साध्या कॉम्प्युटरचं टेलिफोन एक्स्चेंज करून टाकणारं एक अवाढव्य सॉफ्टवेअर आहे. जगभरच्या लोकांनी मिळून ते लिहिलं, अजून लिहितात, आणि कोणीही ते फुकट वापरावं. त्याचं नाव सांगत बसत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे आणि बाकीच्यांचं त्यावाचून अडलेलं नाही. कंपनीला फोन लावला की "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं धादांत खोटं बोलणारी एक बाई असते ना, तिच्यामागे पुष्कळदा हेच सॉफ्टवेअर असतं. कोणीही उठावं, त्यात सुधारणा लिहावी आणि पाठवून द्यावी. अशा सुधारणेला पॅच म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळच. पण ठिगळ लावायचं की नाही हे पाठवणाऱ्याने ठरवायचं नसतं. त्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक भागाला एक राखणदार असतो. तो आलेला पॅच वाचतो, चालवून पाहतो, मग आत घेतो किंवा कारण लिहून परत करतो. आलेले फोन रांगेत उभे करून एकेक पुढे सोडायचा जो भाग, त्याची राखणदार होती मिस्बाह. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकताना तिने त्यातली एक चूक दुरुस्त करून पाठवली होती. पुढे दुरुस्त्या वाढत गेल्या आणि जुना राखणदार थकला तेव्हा त्याने रांग तिच्या हवाली केली. त्या दिवसापासून जगातल्या फोनच्या रांगेत जठारपेठेच्या होकाराशिवाय पान हलत नव्हतं.

आणि बाई कामाला वाघ होती. लोडशेडिंगमध्ये लाइट गेली तर इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टर बसला तर कागदावर, पण वाचणं थांबायचं नाही. तिचं एकच वळण वेगळं होतं, आणि ते तिने घरातून उचललं होतं. त्यांच्या गल्लीत सणावाराला एकमेकांकडे ताटं जात. आलेल्या ताटाला नाही म्हणायचं नाही. शेजारणीचा शिरा करपलेला असला तरी हसून घ्यायचा, वरचा थर काढायचा, तूप सोडायचं आणि शेजारीण पुन्हा आली की छान झाला होता म्हणायचं. नसीमबानोने मुलीला हे बोलून शिकवलं नव्हतं, करून दाखवलं होतं. मिस्बाह पॅचच्या बाबतीत हेच करी. कच्चा, वेडावाकडा, अर्धा लिहिलेला पॅच आला की बाकीचे राखणदार तो ठणकावून परत पाठवत. ही तो स्वतः बसून नीट करी, आत घेई आणि पाठवणाऱ्याच्या नावाने धन्यवाद लिही. साहजिकच लोक तिच्यावर खूश होते. तिच्या भागात जेवढे नवे लोक येत तेवढे दुसरीकडे कुठेही येत नसत, आणि तिलाही याचा अभिमान होता.

सगळ्या भागांवर देखरेख ठेवणारी नॉर्वेची इन्ग्रिड नावाची बाई होती. तिने एकदा लिहिलं, "तू लोकांचे पॅच घेत नाहीस, तू ते नव्याने लिहितेस. नव्याने लिहिताना माणूस कसं लिहिलंय एवढंच पाहतो. मुळात हे हवं का, हे विचारायचं राहून जातं." मिस्बाहने उत्तर दिलं की काळजी नको, आजवर काही बिघडलेलं नाही. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ही गोष्ट दोन हजार नऊ-दहाची. त्या वर्षांत वऱ्हाडात सकाळचा पेपर उघडायचा धीर होत नसे. कोणत्या तालुक्यात आज कोणत्या शेतकऱ्याने जीव दिला, हे वाचून लोक पान उलटत आणि चहा पीत, आणि असं पान उलटता येतं याचीच लाज वाटे. पुढारी येत, पॅकेजं जाहीर होत, आणि ज्या घरातला माणूस गेला त्या घरातल्या बाईशी कोणी धड दोन शब्द बोलत नसे. म्हणून अमरावतीत गाडगेनगरच्या दोन खोल्यांत एका लहान संस्थेने हेल्पलाइन सुरू केली. फुकट फोन करावा, मन मोकळं करावं, एवढंच. तिथे फोन घ्यायला मिस्बाहची कॉलेजातली मैत्रीण होती, दामिनी. वलगावच्या शेतकऱ्याच्या घरची, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. फोन घेणाऱ्या बाया दोन आणि करणारे पुष्कळ, तेव्हा रांग आलीच. मिस्बाहने तिथे आपलं सॉफ्टवेअर बसवून दिलं. घरचीच रांग म्हणून नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी ती तिथे चढवून चालवून पाही. जगाच्या आधी अमरावतीला, असं ती ऐटीत सांगे.

त्या हिवाळ्यात प्रागहून टोमासचा पॅच आला. टोमास एका मोठ्या टेलिफोन कंपनीत होता, जुना आणि भला माणूस. त्याच्या कंपनीला एक त्रास होता. लोक रांगेत असताना फोन तसाच टाकून निघून जात आणि मेलेली लाइन रांग अडवून बसे. म्हणून त्याने असं लिहिलं की रांगेतल्या माणसाला यंत्राने मधूनमधून विचारावं, "तुम्ही आहात ना? काही बोला किंवा एखादं बटण दाबा." उत्तर आलं नाही तर फोन कापावा. कल्पना बरी होती, लिखाण गचाळ होतं. विचारायचं काम होई, पण कापायची वेळ आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई आणि फोन काही कापला जात नसे. मिस्बाह दोन दुपारी त्यात घुसली. गाठ शोधली, सोडवली, आपल्या फोनवरून रांगेत उभी राहून पाहिलं. यंत्राने इंग्रजीत विचारलं, ती "हॅलो हॅलो" म्हणाली, फोन राहिला. ती गप्प बसली, फोन कापला गेला. झकास चालतंय म्हणून तिने पॅच आत घेतला, टोमासला धन्यवाद लिहिले आणि नवी आवृत्ती अमरावतीला चढवली. आपण लावलेली ही धार मुळात कोणाच्या मानेवर पडणार, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

मधे काही दिवस गेले आणि दामिनीचा फोन आला.

"मिस्बाह, तुही मशीन लोकाइचे फोन कापून राहिली."

"कोन म्हनते?"

"मी म्हनते. स्क्रीनवर नंबर दिसते रांगेत, मी उचलाले जाते, तं गायब. आन आपली दुपारवाली चार दिवसांपासून आलीच नाही."

दुपारवाली कोण, हे मिस्बाहला ठाऊक होतं. रोज दुपारी, घरातली माणसं शेतात किंवा झोपेत असतील अशा वेळी, एका नंबरावरून फोन येई आणि पलीकडून कोणी बोलत नसे. बांगड्या वाजत, त्यावरून बाई आहे एवढं कळलं होतं. दामिनीने पहिल्या दिवशी "बोला" म्हणून पाहिलं, दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. मग तीच बोलू लागली. वलगावात कोणाची म्हैस व्याली, आज वांगी केली पण मीठ जास्त पडलं, कपाशीवर औंदा काय पडलं. पलीकडची बाई ऐके आणि थोड्या वेळाने फोन ठेवी. एकदा ती नुसती रडली. दामिनीने त्या दिवशी वांग्यांचं काही सांगितलं नाही, तीही गप्प बसून राहिली.

"तू तिले लावून पाय ना फोन," मिस्बाह म्हणाली.

"तसं नाही करता येत, माहीत हाय तुले. मोबाइल कोनाच्या हातात असन सांगता येते का? आपन लावला आन तिच्या सासऱ्यानं उचलला तं?" दामिनीचा आवाज खाली आला. "मले भेव लागते, मिस्बाह. ती काहून नाही आली?"

मिस्बाहने यंत्रातली नोंद उघडली आणि पाच मिनिटांत तिला सगळं दिसलं. चार दिवसांपूर्वी दुपारवाली नेहमीच्या वेळी आली होती. दोन्ही बाया दुसऱ्या फोनवर होत्या, म्हणून ती रांगेत उभी राहिली. कानात एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. हिने उत्तर दिलं नाही. कसं देणार? अनोळखी माणसाशी आपणहून बोलायला जिला महिना लागतो, ती अनोळखी भाषेतल्या यंत्राशी काय बोलणार? ती बाई पुन्हा बोलली आणि फोन तुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतर तो नंबर नव्हता. टोमासच्या हातून आलं होतं ते बोथट होतं. धार हिने लावली होती, दोन दुपारी बसून, मन लावून.

तिने पहिलं काम केलं ते जुनी आवृत्ती परत चढवण्याचं. अमरावतीची रांग तासाभरात पूर्वीसारखी झाली. पण नवी आवृत्ती जगाला द्यायची तारीख तोंडावर आली होती, आणि तारीख जवळ आली की दार लावून घेतात. मोडलेलं तेवढं सांधतात, आत घेतलेलं काढत नाहीत. हा पॅच तसाच गेला तर आज ना उद्या कोणीतरी गाडगेनगरात नवी आवृत्ती चढवणार आणि दुपारवालीसारख्या सगळ्यांचे फोन पुन्हा कापले जाणार. अमरावतीतच नव्हे, जिथे जिथे अशी रांग आहे तिथे. तिने सगळ्यांसमोर लिहिलं की हा पॅच मी काढते आहे.

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. टोमास दुखावला. "तूच तो दुरुस्त केलास, तूच मला धन्यवाद दिलेस, आणि आता दार लागल्यावर काढतेस?" त्याच्या कंपनीचे लोक आले. त्यांनी या पॅचच्या भरवशावर बेत आखले होते. त्यातल्या एका शहाण्याने लिहिलं, "जो फोन करून बोलतच नाही, त्याला काही हवंच नसतं. अशा लोकांसाठी आपण सॉफ्टवेअर का लिहायचं?"

हे वाचून मिस्बाहचं डोकं सणकलं. पहिलं उत्तर तिने लिहिलं ते अस्सल वऱ्हाडी होतं, इंग्रजीत असलं तरी. ते पुसलं. खाली जाऊन अब्बांसाठी चहा टाकला, स्वतः घेतला, आणि वर येऊन दुसरं लिहिलं. त्यात आर्जव नव्हतं आणि आरडाओरडाही नव्हता.

"रांग माझ्याकडे आहे, म्हणून हे मी सांगते. पॅचमधला कापायचा भाग चालत नव्हता, तो मी चालता केला. कोणाचे फोन कापले जातील हे पाहिलं नाही. ही चूक माझी आहे, टोमासची नाही. आमच्या भागात एक हेल्पलाइन आहे. तिथे फोन करणाऱ्या बायका आधी बोलत नाहीत. समोरचा माणूस कसा आहे ते ऐकून घेतात, आणि बोलायला त्यांना कधी एक दिवस लागतो, कधी एक ऋतू. यंत्राने विचारलं तर त्या उत्तर देणार नाहीत, कारण त्यांनी यंत्राला फोन केलेला नाही. ज्यांना गप्प राहणारे फोन कापायचे आहेत त्यांना आपल्या घरी चालू करता येईल अशी एक कळ मी ठेवू देईन. पण मुळात ती बंद असेल. ही रांग आपणहून कोणाचाही फोन कापणार नाही. पुढची आवृत्ती अशीच जाईल."

उत्तरं दुसऱ्या दिवशी येऊ लागली. मग चिलीतल्या एका इस्पितळातून एकाने लिहिलं की आमच्याकडे लकव्याने वाचा गेलेले लोकही फोन करतात, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणखी दोघंतिघं बोलले. शेवटी इन्ग्रिडने एका ओळीत विषय मिटवला, "रांग मिस्बाहची आहे. ती म्हणते तसं होईल." जुनं बोलणं तिने उकरून काढलं नाही. मिस्बाहला ते टोमणा मारण्यापेक्षा जास्त लागलं.

टोमासचं पत्र मात्र वेगळं, एकट्या तिला आलं. "दोन वर्षांत तू माझा एकही पॅच परत पाठवला नाहीस. मला वाटायचं, माझं काम चांगलं आहे." मिस्बाहने ते दोनदा वाचलं. आपण याच्यावर माया केली असं तिला वाटत होतं, आणि याला तर आपण काही शिकूच दिलं नव्हतं. तिने त्याचा पॅच उघडला आणि पहिल्यांदाच, एक अक्षरही न बदलता, कुठे काय चुकलंय ते ओळीओळीला लिहून परत पाठवला. त्याने सुधारून धाडला. तिने पुन्हा परत केला. तिसऱ्यांदा आला तो स्वच्छ होता, कळ बंद ठेवलेली, आणि तिने तो घेतला. त्यानंतर रांगेच्या भागात पॅच परत जाऊ लागले. लोक थोडे कुरकुरले, काही निघून गेले. जे राहिले ते पुढे तिच्या चुका काढण्याइतके तयार झाले, आणि ते तिला आवडलं.

या सगळ्यात दुपारवालीचा फोन आला नव्हता. दामिनी रोज कळवत होती, "नाही." पुढेपुढे तर तिने कळवणंही सोडलं आणि मिस्बाहने विचारणंही. पेपर आला की मिस्बाह आता पान उलटत नव्हती. बाईचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, तरी ती प्रत्येक बातमीत तिला शोधायची आणि सापडली नाही की पुढची बातमी वाचायची.

नवी आवृत्ती जगाला मिळाली त्या आठवड्यात ती स्वतः अमरावतीला निघाली. चढवणं घरूनही झालं असतं, पण या खेपेला तिला आपल्या हाताने करायचं होतं. मूर्तिजापूर, बडनेरा करत एसटी पोचली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. तिने आवृत्ती चढवली, फाइलींतून शोधून त्या इंग्रजी बाईचा आवाज तिथून पुसून टाकला, आणि दामिनीच्या बाजूला खुर्ची घेऊन वायरी आवरत बसली. दोन्ही बाया फोनवर होत्या. स्क्रीनवर रांगेत एक नंबर आला.

दामिनीने बोलता बोलता तो पाहिला आणि मिस्बाहच्या हातावर हात ठेवला. काही सांगायची गरज पडली नाही. दोघी त्या नंबराकडे पाहत राहिल्या. एक मिनिट झालं, दोन झाली. नंबर हलला नाही. रांग त्याला धरून होती, आणि आपल्या हातचं काम इतकं आवडल्याचं मिस्बाहला कधी आठवत नव्हतं. दामिनीने आधीचं बोलणं घाई न करता संपवलं आणि नवा फोन घेतला.

पलीकडचं ऐकायचं नाही, हा तिथला नियम होता, म्हणून मिस्बाहला फक्त दामिनी ऐकू येत होती. दामिनीने नेहमीसारखं वांग्यांचं काढलं आणि मधेच थांबून ऐकू लागली, आज पलीकडची बोलत होती. मग तिचा चेहरा बदलला आणि डोळे भरून आले.

"नाही वं माय," ती म्हणाली, "कंटायली नाही मी तुले. कोन म्हनलं? ... ते इंग्रजीतली बाई मी नव्हती वं. मी कायले हाकलीन तुले?"

मिस्बाहने हातातली वायर खाली ठेवली. इतके दिवस त्या बाईला वाटत होतं की आपली एकुलती एक ऐकणारी कंटाळली आणि तिने आपल्याला दूर केलं.

दामिनीने फोनवर हात धरून तिच्याकडे पाहिलं. "विचारून राहिली, आता कटनार तं नाही ना?"

"नाही कटत," मिस्बाह म्हणाली.

"गप्प राह्यली तरी?"

"गप्प बसू दे. पाहिजे तेवढी. सांग तिले."